हाँगकाँग बघायचं तर ट्राम, फेरी आणि बसने: निघायच्या तयारीपासून परतीच्या बॅगेपर्यंत सगळं

हाँगकाँगला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. तीन रात्री, त्यात एक दिवस डिस्नेलँड, एक दिवस मकाऊ आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात एसी बसच्या काचेतून शहर. मला हे फार वाईट वाटतं, कारण या शहराची खरी मजा अशी आहे की बघण्यासारख्या जागा रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच आहेत, लोक ज्या बोटीने ऑफिसला जातात तीच बोट बघायला जगभरातून माणसं येतात, ज्या ट्राममधून आज्जी भाजी घेऊन घरी जातात तीच १९०४ पासून चालू असलेली ट्राम आहे. म्हणून आधी ठिकाणांची यादी आणि मग तिथं कसं जायचं असं करू नका. आधी कशाकशात बसायचं ते ठरवा, ठिकाणं आपोआप वाटेत लागतात. पूर्ण चार दिवस असतील तर उत्तम, तीन असले तरी जमतं.

निघायच्या आधी

भारतीय पासपोर्ट असेल तर थोडे दिवस फिरायला जाताना व्हिसा लागत नाही, पण प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन लागतं. हाँगकाँग इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर ऑनलाइन करायचं, पूर्ण फुकट आहे, निकाल सहसा लगेच कळतो. त्याची स्लिप साध्या पांढऱ्या ए-फोर कागदावर प्रिंट काढून सही करून जवळ ठेवायची. ती सहा महिने चालते आणि प्रत्येक वेळी जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. नाव, जन्मतारीख पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका, आडनाव कुठल्या रकान्यात आणि वडिलांचं नाव कुठं यात लोक घोळ घालतात. प्रत्येक माणसाचं वेगळं रजिस्ट्रेशन, लहान मुलांचंसुद्धा. आणि नाकारलं गेलं तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढायच्या आधीच हे उरकून टाका. पैसे घेऊन हे काम करून देणाऱ्या साइट्स भरपूर आहेत, गरज नाही.

बॅगेत तीन गोष्टी आठवणीने टाका. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असतात, तर तो अडॅप्टर. दुसरं टूथब्रश, कंगवा वगैरे, कारण एप्रिल २०२४ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर बंधनं आली आणि हॉटेलांनी असल्या वस्तू फुकट देणं बंद केलं. तिसरं एक पातळ जॅकेट किंवा शाल, बाहेर कितीही उकडत असलं तरी मॉल आणि बसमध्ये एसी इतका जोरात असतो की आईबाबांना हमखास थंडी वाजते. ई-सिगारेट मात्र अजिबात नेऊ नका, २०२२ पासून ती आणायलाच बंदी आहे.

कधी जायचं तर ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर, हवा कोरडी आणि आकाश मोकळं. मार्च-एप्रिलमध्ये इतकं धुकं आणि दमट हवा असते की डोंगरावर जाऊन समोर नुसतं पांढरं दिसतं. मे ते ऑक्टोबर वादळांचा हंगाम, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

विमानतळावर उतरल्यावर

इमिग्रेशनला पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी चिठ्ठी देतात, त्यावर किती तारखेपर्यंत राहू शकता ते असतं. ती चिठ्ठी पासपोर्टमध्येच ठेवा.

मग पहिलं काम ऑक्टोपस कार्ड. आत पैसे भरून टॅप करायचं, १९९७ पासून चालू असलेलं हे कार्ड मेट्रो, बस, ट्राम, फेरी, सेव्हन-इलेव्हन, बेकरी, खूप साऱ्या हॉटेलांमध्ये चालतं. साध्या कार्डाला ५० हाँगकाँग डॉलर डिपॉझिट असतं आणि ते परत मिळतं. आता बऱ्याच ठिकाणी बँकेचं कार्डही टॅप करता येतं, पण सगळीकडे नाही, आणि परदेशी व्यवहाराचे बँकेचे चार्जेस वेगळेच, त्यामुळे मी ऑक्टोपसच घ्या म्हणेन. प्रत्येकाला स्वतःचं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं मेट्रोच्या गेटमधून जाऊ शकत नाहीत.

एक हाँगकाँग डॉलर म्हणजे अकरा-बारा रुपयांच्या आसपास धरा. नोटा बघून गोंधळू नका, तिथं तीन वेगवेगळ्या बँका नोटा छापतात, एचएसबीसी, स्टँडर्ड चार्टर्ड आणि बँक ऑफ चायना, त्यामुळे शंभरच्या दोन नोटांवर दोन वेगळी चित्रं दिसली तरी दोन्ही खऱ्याच असतात.

शहरात जायला एअरपोर्ट एक्स्प्रेस २४ मिनिटांत हाँगकाँग स्टेशनला पोचवते, पण बाहेरचं फारसं नीट दिसत नाही आणि महाग पडते. त्यापेक्षा दुमजली बस घ्या. कौलूनला, म्हणजे बंदराच्या उत्तरेकडच्या भागात राहणार असाल तर ए२१, ती सरळ नेथन रोडवरून चिम शा चुईपर्यंत जाते, आणि बंदरापलीकडच्या हाँगकाँग बेटावर राहणार असाल तर ए११. भाडं एक्स्प्रेसच्या निम्म्याहूनही कमी. सामान खालच्या रॅकवर ठेवायचं आणि वर जाऊन पुढच्या सीटवर बसायचं, सामानाची काळजी वाटते म्हणून लोक खालीच बसतात पण वरच्या स्क्रीनवर रॅकचा कॅमेरा दिसत असतो, निवांत बसा. वाटेत चिंग मा ब्रिज लागतो, १९९७ मध्ये सुरू झालेला झुलता पूल, मधला गाळा १,३७७ मीटरचा, खालून रेल्वे आणि वरून गाड्या. पुढं बंदरातले कंटेनरचे ढीग आणि मग अचानक दोन्ही बाजूंना चाळीस चाळीस मजली इमारती, खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कपडे. शहराची ओळख म्हणून याच्याइतकं चांगलं काही नाही.

राहायला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चिम शा चुई किंवा जॉर्डनच बघावं. खोल्या लहान असतात, अगदी लहान, फोटोवर जाऊ नका, क्षेत्रफळ किती लिहिलंय ते वाचा.

पहिला दिवस: बंदर, ट्राम आणि सरकते जिने

सकाळी चिम शा चुईच्या क्लॉक टॉवरपासून सुरुवात करा. हा ४४ मीटर उंच मनोरा १९१५ चा आहे, इथं कौलून-कँटन रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं, स्टेशन १९७८ मध्ये पाडलं आणि मनोरा तेवढा ठेवला. त्याच्या शेजारीच स्टार फेरीचा धक्का. पलीकडे बेटावरच्या सेंट्रल भागाला जाणारी बोट पकडायची, वरच्या डेकचं तिकीटसुद्धा पाच-सात डॉलरच्या घरात, जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास. लाकडी बाकांची पाठ पुढेमागे ढकलता येते, म्हणजे बोट न वळवता परत निघते आणि लोक पाठ फिरवून दिशा बदलून बसतात. आपल्यासाठी एक खास गोष्ट म्हणजे ही फेरी १८८८ मध्ये एका पारशी माणसाने सुरू केली, दोराबजी नौरोजी मिठाईवाला. चिम शा चुईमधला मोडी रोडही पारशीच, होर्मुसजी नौरोजी मोडी हे मुंबईत जन्मलेले, हाँगकाँग युनिव्हर्सिटीची पहिली इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहिली. आपल्या मुंबईचा एवढा मोठा धागा त्या शहरात आहे आणि कुठल्याच टूरवर कोणी सांगत नाही.

सेंट्रलला उतरलात की खाली रस्त्यावर यायची घाई करू नका, पादचारी पुलांचं जाळं आहे, इमारतीतून इमारतीत वरच्या वर चालत जाता येतं. आधी एचएसबीसीच्या मुख्य इमारतीपाशी जा. दारातले दोन ब्राँझचे सिंह १९३५ चे, त्यांना नावं आहेत, स्टीफन आणि स्टिट, आणि दुसऱ्या महायुद्धात लागलेल्या गोळ्यांच्या, तुकड्यांच्या खुणा अजून अंगावर दिसतात. नॉर्मन फॉस्टरने डिझाइन केलेली आत्ताची इमारत १९८५ ची, तळमजला पूर्ण मोकळा, आरपार चालत जाता येतं. रविवारी गेलात तर तिथं आणि आजूबाजूच्या पुलांवर पुठ्ठे पसरून बसलेल्या शेकडो बायका दिसतील. या घरकाम करणाऱ्या फिलिपिनो, इंडोनेशियन बायका, शहरात अशा कामगारांची संख्या तीन लाखांच्या वर आहे, मालकाच्याच घरी राहतात आणि आठवड्याची सुट्टी अशी मैत्रिणींबरोबर काढतात, खातात, नाचतात, घरी पार्सल भरतात. त्यांच्या जिवावर तिथली घरं चालतात. तोंडासमोर मोबाइल धरून फोटो काढू नका एवढी विनंती.

मग दहा वाजून गेल्यावर सेंट्रल मार्केटच्या जुन्या इमारतीपासून सुरू होणारे सरकते जिने. दहा का, तर सकाळी सहा ते दहा हे जिने फक्त खाली येतात, कारण वर राहणारे लोक ऑफिसला उतरत असतात, आणि दहानंतर मध्यरात्रीपर्यंत वर जातात. १९९३ मध्ये सुरू झालेली ही जवळजवळ ८०० मीटरची साखळी आहे, १३५ मीटर चढ चढवते, आणि फुकट आहे. उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांना मोकळी सोडायची, हे इथंच नाही तर सगळ्या शहरात. एकदम वरपर्यंत जाऊ नका, वर नुसती राहती घरं आहेत. हॉलिवूड रोडला उतरा, तिथं ताई क्वून आहे, जुनं पोलीस ठाणं, कोर्ट आणि तुरुंग मिळून २०१८ मध्ये सांस्कृतिक केंद्र केलंय, जुन्या कोठड्या आतून बघता येतात, प्रवेश फुकट. तिथून दहा-बारा मिनिटं चालत मान मो मंदिर, छताला टांगलेल्या मोठमोठ्या गोल उदबत्त्या आठवडे जळत राहतात, आत धूर बराच असतो, दम्याचा त्रास असेल तर दारातूनच बघा.

दुपारी ट्राम. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि पैसे उतरताना द्यायचे, कुठेही चढा कुठेही उतरा भाडं एकच, तीन-साडेतीन डॉलर. सुटे परत मिळत नाहीत. पाटीवर ‘नॉर्थ पॉइंट’ लिहिलेली ट्राम बघून घ्या, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळेपर्यंत एकदोन ट्राम सोडून दिल्या तरी चालेल. वान चाय, कॉजवे बे करत ती शेवटी चुन यंग स्ट्रीटच्या भाजीबाजारात शिरते, म्हणजे अक्षरशः बाजाराच्या मधून, दोन्हीकडे मासळीचे, संत्र्यांचे ठेले, रुळावर लोक खरेदी करतायत आणि घंटा वाजली की दोन पावलं बाजूला होतात. तिथं उतरून तासभर फिरा. माझ्या मते हाँगकाँगमधली सगळ्यात भारी अर्ध्या-पाऊण तासाची राइड हीच.

संध्याकाळी पीक, म्हणजे बेटावरचा व्हिक्टोरिया पीक डोंगर. पीक ट्राम १८८८ ची, आत्ताचे डबे २०२२ पासूनचे, चढताना उजवीकडे बसायचं, शहर तिरकं झालेलं दिसतं. पण शनिवार-रविवारी रांग भयानक असते, तर वर जाताना सेंट्रलहून १५ नंबरची बस घ्या, वळणावळणाचा रस्ता आहे, गाडी लागत असेल तर गोळी घेऊन बसा. वर गेल्यावर तिकीट काढून गच्चीवर जायची काही गरज नाही. लुगार्ड रोडने वीस मिनिटं चालत जा, सपाट रस्ता आहे, ज्येष्ठांनाही जमतो, तिथून दिसणारा नजारा फुकट आहे आणि गच्चीपेक्षा चांगला आहे. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा म्हणजे उजेडातलं शहर आणि दिवे लागलेलं शहर दोन्ही एकाच फेरीत होतं.

शाकाहारी माणसाने काय खायचं

हा प्रश्न सगळ्यांना पडतो म्हणून जरा सविस्तर. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, भाजीवर ऑयस्टर सॉस ओततात, सूप चिकनचं असतं, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात मांस नसतंच. त्याऐवजी ‘जाय’ म्हणा, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. पूर्ण वाक्य ‘ङो सिक जाय’, पण उच्चाराचे चढउतार आपल्याला जमत नाहीत म्हणून हॉटेलच्या रिसेप्शनवर हे चिनीत कागदावर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. बौद्ध शाकाहारी जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे घरात कोणी ते खात नसेल तर त्यांची उलट सोय होते.

नाश्त्याला चा चान तेंग नावाची साधी हॉटेलं. तिथला दुधाचा चहा घ्याच, कापडी गाळणीतून गाळलेला कडक चहा आणि आटवलेलं दूध, आपल्या लोकांना एका घोटात आवडतो. बरोबर बोलो पाव, नावात अननस आहे पण आत अननस नाही, वरच्या खरपूस थरामुळे ते नाव पडलंय, मधे थंड बटरची चकती घातलेला मागा. अंडं असतं त्यात. टेबल अनोळखी लोकांबरोबर शेअर करावं लागतं, बोटांनी किती जण ते दाखवायचं, दाखवतील तिथं बसायचं, मेनू बघत दहा मिनिटं घालवायची नाहीत. वेटर तुटक बोलतात, मनाला लावून घेऊ नका, त्यांच्याकडे तशीच घाई असते. बिल काउंटरवर. आणि साडेबारा ते दोन ऑफिसवाल्यांची वेळ, तेव्हा जाऊ नका.

अगदीच भात-वरणाची आठवण आली तर नेथन रोडवर चुंगकिंग मॅन्शन्स, १९६१ ची १७ मजली इमारत, ए ते ई असे पाच ब्लॉक. खाली दलाल मागे लागतात, सरळ चालत राहायचं. इमारतीबद्दल भीती वाटेल असं बरंच सांगितलं जातं, पण दिवसा आणि संध्याकाळी जेवायला जायला काही अडचण नाही. वान चायला शीख गुरुद्वारा आहे, १९०१ पासूनचा, तिथं लंगर असतो.

दुसरा दिवस: लोक राहतात कसे

हा दिवस टूरमध्ये कधीच नसतो. मेट्रोने शाम शुई पो स्टेशन. मेट्रोचा एक नियम लक्षात ठेवा, स्टेशनमधून बाहेर पडायच्या आधी एक्झिटचं अक्षर आणि नंबर बघायचा, चुकीच्या एक्झिटने वर आलात तर अर्धा किलोमीटर चालायला लागतं. आणि गाडीत किंवा गेटच्या आत खाणंपिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नियमात बसत नाही.

जवळच शेक किप मेईमध्ये मेई हो हाउस आहे. २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री तिथल्या झोपडपट्टीला आग लागून सुमारे ५३,००० लोक बेघर झाले आणि त्यातून शहराची सरकारी घरबांधणी सुरू झाली. सुरुवातीच्या त्या इमारतींपैकी १९५४ ची ही एक शिल्लक ठेवलीय, वर हॉस्टेल आणि खाली म्युझियम, त्या काळच्या खोल्या होत्या तशा उभ्या केल्यात, एका लहान खोलीत अख्खं कुटुंब, पाणी आणि संडास सामायिक. चाळीत वाढलेल्या माणसाला तिथं काहीही समजावून सांगावं लागत नाही. आज शहराची निम्म्याच्या जवळ जाणारी लोकसंख्या सरकारने बांधलेल्या घरांमध्ये राहते, तर हाँगकाँग म्हणजे नुसत्या बँका नाहीत हे इथं कळतं. मग आपलिउ स्ट्रीटवर जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, केबल, चार्जर, जुने रेडिओ, वेळ कसा जातो समजत नाही.

तिथून मेट्रोने वोंग ताई सिन मंदिर, स्टेशनचं नावही तेच. बांबूच्या डब्यातल्या काड्या हलवून एक काडी खाली पडेपर्यंत गुडघ्यावर बसलेली माणसं दिसतात, काडीवरच्या नंबरावरून भविष्य. पुढचंच स्टेशन डायमंड हिल, तिथं ची लिन मठ, चीनच्या तांग राजवटीच्या काळातल्या पद्धतीने खिळे न वापरता लाकडात बांधलेला, आणि समोर नान लियान बाग, दोन्ही फुकट. बागेतल्या धबधब्यामागे शाकाहारी जेवणाचं हॉटेल आहे, दुपारचं जेवण इथंच ठेवा. त्याच्यापुढचं स्टेशन चोई हुंग, इंद्रधनुष्याच्या रंगातली १९६० च्या दशकातली वसाहत, पार्किंगच्या गच्चीवरच्या बास्केटबॉल कोर्टवर फोटो काढायला गर्दी असते. वसाहत टप्प्याटप्प्याने पाडून नव्याने बांधायचं ठरलंय, तर बघायची असेल तर लवकर बघा, आणि हळू आवाजात, लोकांची घरं आहेत ती.

संध्याकाळी आठ वाजता परत क्लॉक टॉवरच्या बाजूच्या किनाऱ्यावर, पलीकडच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ रोज असतो. खेळ ठीकठाकच आहे, पण तो किनारा आणि समोरचं पाणी यासाठी जा.

तिसरा दिवस: शहराच्या बाहेर, बसनेच

मेट्रोने तुंग चुंग, तिथून न्गोंग पिंगची केबल कार, ५.७ किलोमीटर, साधारण २५ मिनिटं. तिकीट ऑनलाइन आधी काढा आणि देखभालीसाठी बंद नाही ना तेही बघा, बंद असेल किंवा उंचीची भीती असेल तर २३ नंबरची बस आहेच. वर ३४ मीटरचा ब्राँझचा बुद्ध, १९९३ चा, २६८ पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर खालच्या चौकातूनही छान दिसतो. पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं. लोक इथून परत फिरतात, तुम्ही २१ नंबरची बस पकडून ताई ओ नावाच्या गावाला जा, खाडीत खांबांवर उभी असलेली मच्छीमारांची घरं, सुक्या मासळीचा वास, कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. तिथून ११ नंबरची बस परत तुंग चुंगला.

चालायची आवड असेल तर याऐवजी किंवा चौथ्या दिवशी ड्रॅगन्स बॅक. शाउ के वान स्टेशनहून ९ नंबरची बस, तो तेई वान स्टॉपला उतरायचं, डोंगराच्या कण्यावरून दोन-तीन तास चालत बिग वेव्ह बे किनाऱ्यावर. पाणी भरपूर न्या, सावली कमी आहे.

वादळाचा सिग्नल लागला तर

वेधशाळेचं ‘माय ऑब्झर्व्हेटरी’ अॅप पहिल्याच दिवशी टाका. सिग्नल १, ३, ८, ९, १० असे असतात. १ ला काही फरक पडत नाही, ३ ला बेटांच्या बोटी आणि केबल कारवर परिणाम होऊ शकतो. ८ लागला की शाळा, ऑफिसं बंद, फेरी आणि बस बंद व्हायला लागतात, साधारण दोन तास आधी सूचना देतात आणि त्या दोन तासांत अख्खं शहर घरी निघतं, मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा सूचना आल्या आल्या हॉटेल गाठा, वाटेत खाण्यापिण्याचं घेऊन. पावसाचे इशारे वेगळे, पिवळा, लाल, काळा. काळा म्हणजे तासाला ७० मिलिमीटरच्या वर, असाल त्या इमारतीतच थांबा.

परतीचा दिवस

विमान रात्रीचं असेल तर बॅगा ओढत फिरू नका. एअरपोर्ट एक्स्प्रेसने जाणार असाल तर काही विमान कंपन्यांचं चेक-इन हाँगकाँग स्टेशनवरच होतं, सकाळी बॅगा तिथं द्या, बोर्डिंग पास घ्या आणि दिवसभर मोकळे फिरा, तुमची कंपनी त्यात आहे का ते आदल्या दिवशी बघून घ्या. ऑक्टोपसमधले उरलेले पैसे विमानतळावर मेट्रोच्या काउंटरवर परत मिळतात, नवीन कार्ड असेल तर थोडी फी कापतात. परत जायचा विचार असेल तर कार्ड परत करू नका, ते तीन वर्षं न वापरताही चालू राहतं.